धारेच्या रानातलं सांबर

वाकणवाडीच्या राहीला जगात कुणाचंही कौतुक नव्हतं, आणि ते तिनं कधी लपवलंही नाही. वाडीत देवीची लस टोचायला डॉक्टर आला, तर ही त्याच्या तोंडावर म्हणाली, "मेल्याला सोताची धोतराची गाठ मारता येत नाय, नि हा आमची देवी घालवतोय!" नवरा काशीराम मुंबईला गिरणीत होता. एका शिमग्याला तो पायात बूट चढवून आला. राहीनं ते बूट काढून गोठ्याच्या मेढीला टांगले आणि म्हणाली, "आदी म्हशीला दाव मुंबई. ती काय बोलते बगू." काशीराम बिचारा सुट्टीभर अनवाणी फिरला. शेजारच्या ठमाबाईशी तर तिचं रोजचं भांडण होतं, सकाळी चुलीत विस्तव पडला की ते सुरू व्हायचं नि जेवणं झाली की थांबायचं. दोघींनाही त्यावाचून करमत नसे.

तोंड असं असलं तरी बाई कष्टाळू होती. पाऊस सरून भात झोडून झालं की ती धारेच्या रानात शिरायची. रान खोताचं. सुकी लाकडं, पेरणीआधी शेत भाजायला, म्हणजे भाजवळीला, झाडांचा टहाळ आणि कातळातून झिरपणाऱ्या धारेचं पाणी, एवढ्यावर कुळांचा हक्क. हिरव्या झाडाची साल काढणं म्हणजे चोरी. आणि राही नेमकी तीच करायची. ऐनाच्या झाडाला कोयत्यानं वर एक नि खाली एक घाव घालायचा आणि मधली साल उचकटून ओढायची. एकाच अंगाची काढायची, दुसऱ्या अंगाला हात लावायचा नाही, म्हणजे झाड मरत नाही. सासूनं शिकवलेलं होतं. मग सालीचा भारा डोक्यावर घेऊन पहाटे निघायचं आणि तीन कोस तुडवून नाट्याच्या बंदरावर खारव्यांच्या वाडीत जायचं. खारवी लोक ती साल हंड्यात उकळतात. पाणी तांबडंलाल झालं की त्यात सुताची जाळी बुडवून ठेवतात, म्हणजे खाऱ्या पाण्यात सूत कुजत नाही. सोनूबाई खारवीण साल घ्यायची आणि बदल्यात टोपलीभर सुके बांगडे नि सुकट द्यायची. पावसाळ्यात अख्खी वाडी त्या सुकटीवर भात ढकलायची. सुकट कुठून आली हे कुणी विचारलं नाही. इतकी अक्कल सगळ्यांना होती.

आता अक्कल कुणाला नव्हती, ते सांगायला हवं. दादा खोताला नव्हती. चौतीस सालच्या थंडीत त्याच्याकडे मुंबईहून दोन बडे वकील आणि एक गोरा साहेब शिकारीला आले. वाडीतल्या चाळीस माणसांनी ढोल बडवत दिवसभर हाकारा घातला आणि रानातून निघालं काय, तर एक ससा आणि धोंडूचा हरवलेला बोकड. साहेबानं सशावर बार टाकला, तो बोकडाला लागला. खोताची छी थू झाली. रावसाहेब ही पदवी मिळावी म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता, आणि पदवी देणाऱ्यांना त्यानं बोकड खायला घातला!

तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, की रानात सांबर आणून सोडायचं. पूर्वी ह्या रानात सांबर होतं हे खरं. धोंडूच्या आज्यानं शेवटचं पाहिलेलं, नि खोताच्याच आज्यानं ते मारलेलं. त्याची शिंगं अजून खोताच्या पडवीत होती. त्यांच्यावर पगड्या टांगत. वरघाटी कुठल्याशा संस्थानात सांबरं पाळलेली होती. तिथून पाच द्यायला कारभारी तयार झाला. पण त्यानं एक अट घातली. रान जनावरांच्या लायक आहे, असा जाणत्या माणसाचा दाखला पाहिजे. उगाच मरायला आम्ही जनावरं देत नाही, असं त्यानं लिहिलं. कारभाऱ्याला खोतापेक्षा जास्त समजत होतं, एवढंच म्हणायचं.

वाडीचं धाबं दणाणलं. सांबर आलं की खोत रानाभोवती दगडांचा गडगा घालणार, आणि धार गडग्याच्या आत जाणार. वाकणवाडी बसलेली सगळी कातळावर. होळी झाली की विहिरी तळाला जातात. चैत्र-वैशाख ती एक धार वाडीला जगवते. ती गेली तर पाणी थेट खालच्या वहाळाला, दीड कोसावर, आणि वाट सगळी उभ्या कातळाची. तेव्हा दाखला देणाऱ्यानं रान नालायक आहे असं लिहावं, एवढीच वाडीची देवापाशी मागणी होती.

दाखला द्यायला आले पुण्याचे करमळकर रेंजर. जंगलखात्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. त्यातली चोवीस वर्षं त्यांनी डेपोत पडलेले ओंडके मोजले होते, आणि उभं झाड ते जरा संशयानंच बघत. पण पुस्तकं पुष्कळ वाचलेली. डोक्यावर टोपडं, गळ्यात दुर्बीण, खिशात फीत, काखेत छत्री आणि हातात वही. त्यांना रान दाखवायला कोण जाणार, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी राहीकडे बघितलं.

"तूच जा गो," धोंडू म्हणाला. "रानातलं पान नि पान तुला ठाव. आनि तुझ्या तोंडापुढं रेंजर किती टिकतोय!"

"मी कशाला जाऊ त्या डोंबाऱ्यासंगती?" राही म्हणाली खरी, पण मनातून तिला बरं वाटलं. इतक्या बायांत आपलीच निवड झाली, हे तिनं ठमाबाईला दोनदा ऐकवलं.

तीन दिवस दोघं रान तुडवत होती. करमळकर दहा पावलं चालायचे, थांबायचे, फीत काढून झाडाचा घेर मोजायचे आणि वहीत लिहायचे. गवताचे ठोंब मोजले. वारुळं मोजली. बकरीच्या लेंड्या रुमालात उचलून नाकाशी नेल्या. राही कमरेवर हात ठेवून हे बघत होती. तिला हसू आवरेना, आणि ती आवरतही नव्हती.

"ह्या रानात जनावराला खायला काय मिळेल गं?" त्यांनी विचारलं.

"वाडीच्या बकऱ्यांना विचारा. त्या ठेवतील ता मिळंल."

"सावली? दाट झाडी?"

"बगा की डोळे उघडून. दर वर्षाला आमी टहाळ तोडतो. झाडांना डोस्की राहिली न्हाईत, सावली कुटची?"

"सांबराला अंगाला चिखल लागतो. लोळायला. असा कुठं चिखल?"

"खोताच्या पडवीत लोळवा. तिथं रोज सारवण असतंय."

करमळकर रागावले नाहीत. माणूस वाईट नव्हता, नुसता येडा होता. तिनं त्यांना धारेपाशी नेलं. कातळाच्या फटीतून करंगळीएवढी धार खालच्या दगडी डोणीत पडत होती. "आता फागून हाय म्हनून एवडी तरी दिसते," राही म्हणाली. "वैशाखात एक हंडा भरंस्तवर आमचं एक भांडन होतं, मिटतं, नि दुसरं सुरू होतं. ह्यात सांबर काय पिनार नि आमी काय पिनार?" हे मात्र ती टर उडवून बोलली नाही. करमळकरांनी पाण्याखाली लोटी धरली, घड्याळ बघितलं, आणि आकडा वहीत लिहून पुन्हा एकदा लोटी धरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते एका दगडावर बसले आणि टोपडं काढून वारा घेत म्हणाले, "बाई, खोतांना वाईट वाटेल. पण हे रान सांबराला लायक नाही. पाणी नाही, चारा नाही, आडोसा नाही. खरं ते लिहिलं पाहिजे."

राहीला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. जन्मात पहिल्यांदाच तिला कुणाबद्दल असं वाटलं होतं. आता कधी एकदा वाडीत जाऊन सांगते असं तिला झालं. घाईघाईत तिनं नेहमीची वाट सोडली आणि जवळची धरली. ती वाट ऐनांमधून जाते, हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही. तीन दिवस त्या बाजूला तिनं रेंजरला फिरकूही दिलं नव्हतं, आणि आता स्वतःच नाकासमोर घेऊन गेली. म्हणतात ना, अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

समोर सात ऐन उभे होते आणि सातांचीही एका अंगाची साल गुडघ्यापासून डोक्यापर्यंत गेलेली होती. लाल खोड उघडं पडलं होतं. करमळकर थबकले. राहीच्या तोंडचं पाणी पळालं. हा माणूस आता विचारणार, साल कुणी काढली? आणि खोताच्या कानावर गेलं की तिचं घर गेलं, कारण घर खोताच्या जमिनीवर आणि भाताचा तुकडाही त्याचाच.

करमळकरांनी खोडावरनं हात फिरवला. "बघितलंस?" ते हळूच म्हणाले. "बघितलंस का हे? शिंगं! नर सांबर शिंगं घासतं तेव्हा अशीच साल निघते. एका बाजूची. आणि ही उंची बघ, अगदी पुस्तकात आहे तीच!" त्यांनी फीत लावली. वरच्या कडेला कोयत्याचा घाव स्पष्ट दिसत होता. त्यांनी त्याला शिंगाच्या टोकाची खूण म्हणून वहीत जागा दिली. "म्हणजे सांबर गेलेलं नाही! अजून एक नर इथं आहे!"

राहीच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्यापाठोपाठ असं हसू आलं की तिला पदर तोंडात कोंबावा लागला. तिथंच ती गप्प राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण गप्प राहायला ती राही कसली!

"तू कधी पाहिलंस का गं त्याला?" करमळकरांनी विचारलं. बिचारे लहान पोरासारखे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"पायलंय म्हंजे काय!" राही म्हणाली. "परवाच्या तिन्हीसांजेला. ह्या ऐनाशी उभा. खोताच्या पडवीतल्यापरास मोठी शिंगं. मला बगून फुरफुरला. मी म्हटलं, बाबा रे, मी गरीब बाय, मला जाऊंदे. तर मान हलवून बाजूला झाला. लय रीतीचा."

मान हलवण्याचं सोडून करमळकरांनी सगळं लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी राहीच्या अंगणात सगळी वाडी हसून हसून लोळली. राहीनं रेंजरची फीत केली, टोपडं केलं, ऐनाला कवटाळून "शिंगं! शिंगं!" म्हणून दाखवलं. धोंडूला ठसका लागला. एकटी ठमाबाई हसली नाही.

"गो बये," ती म्हणाली, "रानात सांबर हाय म्हटल्यावर रान सांबराचं झालं. आपलं कुटं राहिलं?"

"तुला नाय कळायचं," राही म्हणाली. "तू जा, चुलीवर भात करपतोय तो बघ. रान नालायक हाय असं त्यानं माज्यादेखत सांगितलंय."

दाखला आला तो असा: ज्या रानात इतक्या हालअपेष्टांतही एक नर टिकून आहे, ते रान सांबराला लायक आहे, ह्याहून दुसरा पुरावा नको. त्याला फक्त सोबत हवी आणि निवांतपणा हवा. माणसांचा, विशेषतः पाण्यावर येणाऱ्या बायकांचा उपद्रव बंद झाला पाहिजे. खाली करमळकरांची सही होती, आणि सहीखाली त्यांनी आनंदाच्या भरात तारीख चुकीची घातली होती.

खोतानं वाडीच्याच माणसांकडून वेठीनं गडगा घालून घेतला. स्वतःच्या हातांनी जांभ्याचे दगड रचून लोकांनी स्वतःचं पाणी कोंडलं. दाराशी काठी घेऊन बाबल्याला बसवलं. हा बाबल्या खोताचा गडी. खोत शिंकला तर हा नाक पुसायचा. त्यानं वाडीत येऊन हाकाटी दिली, "धारेचं पाणी आजपासून सांबराचं! बायामाणसांनी तिथं पाऊल टाकायचं नाय! दादांचा हुकूम हाय!"

चैत्र गेला. बाया काळोख असताना उठून वहाळाला जायच्या, वाळूत खड्डा उकरून बसायच्या, वाटीवाटीनं हंडा भरायच्या आणि ऊन डोक्यावर घेऊन कातळ चढायच्या. राहीला कुणी बोललं नाही. बोलणार कोण? सगळेच हसले होते. ठमाबाईनं तर भांडणंच सोडलं. राही मुद्दाम तिच्या अंगणात राख टाकून बघायची, तर ठमाबाई गुपचूप झाडून घ्यायची. त्या झाडण्याच्या आवाजानं राहीला घरात बसवेना. खरं सांगायचं तर जाऊन सांगितलं पाहिजे, हे तिला कळत होतं. रोज हंडा चढवताना ती मनाशी म्हणायची, उद्या जाते. आणि रोज घराची कौलं डोळ्यांपुढं यायची नि ती गप्प बसायची. दुसऱ्यांना भेकड म्हणण्यात तिचा जन्म गेला होता. आता त्या शब्दाला ती स्वतःपुरती जागा शोधत होती.

वैशाखाच्या शुद्ध पक्षात ठमाबाईची सून शकू कातळाच्या चढावर कोसळली. सातवा महिना चालू होता. तिला पाण्याला पाठवलीच कशाला, असं पुण्याची माणसं विचारतील. ठमाबाईला ताप होता आणि घरात थेंब नव्हता, म्हणून. शकूनं पोट सांभाळलं आणि हात खाली गेला. कोपरापासून हाड मोडलं. राही मागून येत होती. तिनं स्वतःचा भरला हंडा तिथंच कातळावर ओतला, पोरीला पाठुंगळी घेतलं नि घरी आणलं. ठमाबाई तापात उठून दाराशी उभी होती. तिनं सुनेला आत घेतलं. राहीकडे बघितलंसुद्धा नाही. राहीला वाटलं, हिनं आता मला बडवावं. निदान आईबापावरनं शिवी तरी द्यावी.

त्याच दुपारी करमळकर रेंजर खोताकडे आलेले होते. आठ दिवसांत सांबरांच्या गाड्या घाट उतरून येणार होत्या, आणि सांबरं कुठं सोडायची ती जागा ठरवायची होती. पडवीत चार प्रतिष्ठित मंडळी पान खात बसली होती. राही अंगणात येऊन उभी राहिली. पदरावर शकूच्या खरचटल्याचं रक्त तसंच होतं.

"दादानू," ती म्हणाली, "रानात सांबर नाय."

"काय?"

"नाय सांबर. नव्हतंच. ती ऐनाची साल मी काढली. कोयत्यानं. दर वर्षी काढते नि नाट्याला खारव्यांना देते. तुमचं सांबर ता मीच."

खोत खो खो हसला. त्याच्याबरोबर बाकीचे हसले, कारण खोत हसल्यावर न हसून चालत नसे. "पाणी बंद झालंय ना, म्हणून थापा मारतेय," खोत म्हणाला. "ह्या लोकांची जात मला ठाऊक आहे."

करमळकर हसले नाहीत. उलट त्यांना लागलं. "बाई, खोटं बोलू नकोस," ते म्हणाले. "मी उंची मोजली आहे. खुणा तपासल्या आहेत. आणि तू स्वतः मला सांगितलंस की पाहिलं म्हणून!"

"ता खोटं होतं. ता पटलं नि ह्या खऱ्याला थाप म्हंताव?" राही ओरडली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याचा तिला भयंकर राग आला. "चला माज्यासंगती. आत्ता. करून दावते."

खोत नको म्हणत होता. पण करमळकर उठले, आणि मग मंडळींना मागून जावंच लागलं. बाबल्यानं गडग्याचं दार उघडलं. ऐनांपाशी एक कोरं झाड होतं. राहीनं कमरेचा कोयता काढला. वर हात पोचेल तिथं एक घाव, गुडघ्याशी एक घाव, बाजूनं उभा काप. मग कोयत्याचं टोक आत घालून उचकटलं आणि दोन्ही हातांनी ओढलं. एका अंगाची साल सरसर उतरून तिच्या पायाशी पडली. खोडाचं दुसरं अंग शाबूत होतं.

करमळकरांनी खिशातून फीत काढली. खालून वर मोजलं. शेजारच्या जुन्या झाडावर मोजलं. पुन्हा नव्या झाडावर मोजलं. मग चष्मा पुसून त्यांनी वरचा घाव जवळून बघितला, आणि तो बघताना त्यांचं तोंड म्हाताऱ्यासारखं झालं. ते खाली मुळावर बसले. चोवीस वर्षं ओंडके मोजल्यावर एकदा आयुष्यात त्यांना काही सापडलं होतं, आणि ते कुणबिणीच्या कोयत्यानं केलेलं निघालं.

"रान नालायक आहे," ते खोताला म्हणाले. "माझा दाखला मी मागे घेतो. आज टपाल गाठून कारभाऱ्यांना कळवतो."

"आणि हिचं काय?" खोताला घाम फुटला होता. "माझी झाडं सोलून खाल्लीन् हिनं! हिला घरातनं काढतो! उद्याच्या उद्या!"

"चोरी तिची असेल," करमळकर म्हणाले, "पण मूर्खपणा माझा आहे. तिला बेघर करणार असाल तर ही सगळी फजिती मी त्याच पत्रात लिहीन. कारभारी वाचतील, आणि मुंबईच्या तुमच्या वकिलांनाही वाचायला मिळेल." एवढं बोलून ते छत्री विसरून चालू लागले. त्या माणसानं शहाणपणाचं काम एवढं एकच केलं, पण केलं. त्याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे.

सांबरं आली नाहीत. गडग्याचं दार उघडं राहिलं, कारण राखायला आत आता काही नव्हतं. मात्र दार उघडण्याआधी खोतानं बाबल्याकडून वाडीत हुकूम सांगितला. राहीनं जन्मात ह्या रानात पाय ठेवायचा नाही. सुकी काटकी उचलायची नाही. धारेचं पाणी तिच्यासाठी कुणी थेंबभर न्यायचं नाही. नेलं तर त्या घराचं पाणी बंद. आणि बाबल्याची काठी दाराशी तशीच राहिली, हंडे मोजायला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया हसत-भांडत धारेला गेल्या. राही एकटी वहाळाला गेली. तिनं कुणाकडून आशा केली नव्हती. कुठल्या तोंडानं करणार? वाडीत असं एक घर नव्हतं, ज्याला तिनं नावं ठेवली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिचा पाय मुरगळला. ती उंबऱ्यावर बसून राहिली. मडक्यात तळाला घोटभर पाणी उरलं होतं, तेही सकाळी संपलं. तहानेनं जीभ टाळ्याला चिकटली. वाडीची सर्वांत लांब जीभ, आणि तिला ओल नव्हती.

ऊन कलायच्या वेळेला ठमाबाई धारेवरून आली. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. आपल्या दाराशी ती थांबलीच नाही. सरळ राहीच्या अंगणात आली नि कळशी उंबऱ्यावर आदळली. अर्धं पाणी राहीच्या लुगड्यावर सांडलं.

बाबल्या काठी आपटत मागोमाग आला. "ठमाबाय! दादांचा हुकूम ऐकलास ना? तुज्या घरचं पानी बंद होईल!"

"बंद करून दाव," ठमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. वाडीतल्या चार दारांत चार बाया येऊन उभ्या राहिल्या. कुणाच्या काखेत कळशी होती, कुणाच्या हातात तांब्या. "धारेचं पानी सांबराचं, अशी हाकाटी तूच दिलीस ना रे मेल्या? मग आमी सांबरालाच पाजतो. आनि ह्या वाडीत सांबर कोन, ता हिनं तुज्या दादांच्या अंगणात रेंजरासमक्ष सांगितलंय. जा, सांग त्याला."

बाबल्या एकेका दाराकडे बघत राहिला, आणि मग काठी काखेत मारून खोताच्या घराकडे चालू लागला. तिथं जाऊन त्यानं काय सांगितलं, कुणास ठाऊक. पण धारेवर हंडे मोजणं त्या दिवसापासून बंद झालं.

"काय बगतंस?" ठमाबाई राहीवर खेकसली. "शकूच्या हातासाठी मी तुला जन्मभर सोडायची नाय, ता निराळं. ह्यात तुज्यावर उपकार नाय केले. पी आता."

राहीनं तोंड उघडलं. काहीतरी झोंबणारं बोलायचं होतं, जिभेच्या टोकाशी होतं. ते आलं नाही. तिनं कळशी दोन्ही हातांनी उचलली, तोंडाला लावली, आणि पीत पीत रडायला लागली.

"सांडू नको गो," ठमाबाई म्हणाली. "लांबून आनलंय."